आखूड पंखांचं हेलिकॉप्टर की बिनपंखांचं?

निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान पथकं नेणारं एमआय-17 हेलिकॉप्टर बिनपंखांचं, म्हणजे विमानासारखे बाजूचे पंख नसलेलं, आणि त्या कामाला तेच बरं. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते, रोटरची, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांची, उचल घटते. जंगलातल्या छोट्या हेलिपॅडवर उभं उतरताना पंख असते, तर रोटरनं खाली फेकलेला वारा त्यांच्यावर आदळून आणखी उचल वाया गेली असती.

आखूड पंखांच्या एमआय-24 या लढाऊ हेलिकॉप्टरचं गणित वेगळं. वेगात पुढं जाताना त्याचे पंख सुमारे पाव भार पेलतात. रोटरवरचा ताण हलका होतो, मागे जाणारं पातं स्टॉल होणं, म्हणजे त्याची उचल एकदम तुटणं, लांबतं. रॉकेटंही पंखांनाच टांगतात. मात्र कमी वेगात तीव्र वळण घेतलं, तर आतला पंख उचल गमावतो नि हेलिकॉप्टर आणखी कलंडतं. वळताना वेग सोडायचाच नाही. पूर्ण भरलेलं असलं की ते धावपट्टीवर पळवून उडवणं सोयीचं. जंगलातल्या हेलिपॅडवर तेवढी जागाच नसते.