वायफाय कार्ड बदलून बरेच महिने झाले, आता सविस्तर लिहिते

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. लॅपटॉपमधलं मूळचं वायफाय कार्ड काढून त्या जागी इंटेलचं एएक्स210 टाकलं, त्याला आता बरेच महिने झालेत आणि तेव्हापासून वायफाय गायब होणं, मध्येच तुटणं हा सगळा प्रकार बंद झालाय. लॅपटॉप तोच, विंडोज 11 तेच, राऊटर तोच, बदललाय तो फक्त पोस्टाच्या तिकिटाएवढा एक तुकडा. हे मुद्दाम लिहायचं कारण म्हणजे असा त्रास असणाऱ्याला जो तो एकच सांगतो, विंडोज नव्याने टाक नाहीतर लॅपटॉपच बदल, आणि एरवी उत्तम चालणारी मशीन एवढ्याशा कारणाने कपाटात जाऊन पडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्रास काय होता ते नीट सांगते कारण तुमचा आणि माझा त्रास एकच आहे का ते त्यावरूनच कळेल. झाकण लावून ठेवायचं, थोड्या वेळाने उघडायचं, की खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी पृथ्वीचा गोळा आणि त्यावर काट मारल्यासारखी खूण. त्यावर क्लिक केलं तर वायफायचं बटणच नाही, म्हणजे बंद आहे असं नाही, बटणच नाही. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली सगळ्या जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडलं तर कधी कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि कोड 10, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, आणि कधी तर त्या यादीत कार्डाचं नावच नसायचं. रीस्टार्ट केलं की सुरुवातीला परत यायचं, मग हळूहळू रीस्टार्टनेही येईना.

आता यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. "वायफायला कनेक्ट होत नाही" असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिली, नेटवर्क दिसतं, पासवर्डही घेतो, पण इंटरनेट नाही असं दाखवतो. तिथे आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) बघा, 169.254 ने सुरू होत असेल तर लॅपटॉप राऊटरशी जोडला गेलाय पण राऊटरने त्याला अॅड्रेसच दिलेला नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय, अशा वेळी आधी राऊटर बंद-चालू करा, व्हीपीएन किंवा वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर तो काढून बघा, कार्डाच्या मागे लागू नका.

दुसरी म्हणजे बाकीची नेटवर्कं दिसतात पण आपलंच दिसत नाही किंवा दिसूनही जोडलं जात नाही, आणि मोबाइलवर मात्र तेच व्यवस्थित चालतं. इथे लोकं हमखास गोंधळतात. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये (वायफायच्या लहरींचा एक पट्टा, दुसरा 5 चा) राऊटर चॅनल 12 किंवा 13 वर गेला असेल तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे सेट केलेल्या कार्डाला ते नेटवर्क दिसतच नाही, तेव्हा चॅनल 1, 6 किंवा 11 पैकी एक ठरवून टाका. 5 गिगाहर्ट्झमध्ये काही चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, त्यांवर सुरू होण्याआधी राऊटरला किमान 1 मिनिट गप्प बसून ऐकावं लागतं, हवामान खात्याच्या रडारच्या पट्ट्यात तर काही देशांत 10 मिनिटं, त्यामुळे राऊटर चालू केल्या केल्या नेटवर्क दिसलं नाही तर लगेच घाबरू नका. आणि राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलं असेल तर जुनी कार्डं जोडलीच जात नाहीत, डब्ल्यूपीए2 आणि 3 दोन्ही चालतील असा पर्याय राऊटरमध्ये असतो तो लावा. अजून एक, वायफाय 6 चा राऊटर आणला आणि जुन्या लॅपटॉपला नेटवर्क दिसेनासं झालं तर ते बऱ्याचदा जुन्या ड्रायव्हरमुळे (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) असतं, इंटेलच्याच कितीतरी जुन्या कार्डांना नवा ड्रायव्हर टाकेपर्यंत ही नेटवर्कं दिसत नव्हती.

तिसरी गोष्ट म्हणजे माझी, वायफायच नाहीसं होणं. यात आधी विमान मोडचं बटण, कीबोर्डवरची वायफायची की, जुन्या मशीनला बाजूला असलेला सरकवायचा स्विच हे बघून घ्या. ते ठीक असेल तर पुढचं वाचा.

मी काय काय केलं ते थोडक्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असा टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी असलेली टिक काढली, त्याने काही दिवस खरंच बरं चाललं. (मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे मोबाइलसारखी अर्धवट जागी राहणारी झोप, असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तुम्हाला नाही सापडला तर तुमचं काही चुकत नाहीये.) मग फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे, ते चालू असताना आपण शटडाऊन करतो तेव्हा विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेल्या अवस्थेतच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून "बंद करून चालू केलं तरी जमलं नाही" म्हणणाऱ्याने एकदा रीस्टार्ट करून बघावं, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊन करावं. त्याने सुटलं नाही तर चार्जर काढून, मशीन बंद करून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते, माझ्याकडे रीस्टार्टने न येणारं कार्ड याने बऱ्याच वेळा परत आलं. पण परत आलं म्हणजे बरं झालं असं नाही, संध्याकाळपर्यंत पुन्हा गायब.

नेटवर्क रीसेटचं बटण मात्र सहज दाबू नका. त्याने सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि कार्डच मरायला टेकलं असेल तर त्याने काडीचा फरक पडत नाही.

त्यापेक्षा एक चांगली सोय आहे जी फार कमी लोकं वापरतात. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट अशी कमांड द्यायची (अर्थात इंग्रजीत टाइप करायची, netsh wlan show wlanreport), की मागच्या 3 दिवसांचा अहवाल ब्राउजरमध्ये उघडेल असा तयार होतो, कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं, सगळं तासागणिक आलेखात. माझ्या अहवालात स्पष्ट दिसत होतं की राऊटरने हाकललंय असं एकदाही नाही, दर वेळी कार्डच यादीतून नाहीसं होतंय. हा अहवाल दुरुस्तीवाल्याला दाखवला तर "राऊटर बदला" हे उत्तर तरी ऐकावं लागत नाही.

तरी ड्रायव्हरचा दोष की कार्डाचा हे नक्की करायचं राहतंच, आणि त्याला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लाइव्ह लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून चालणारी दुसरी सिस्टिम. दुसऱ्या मशीनवरून उबंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवर घ्यायचं, लॅपटॉप त्यावरून बूट करायचा, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय करायचं, तुमच्या विंडोजला हातही लागत नाही. तिथे वायफाय दिवसभर नीट चाललं तर कार्ड चांगलं आहे, विंडोजमध्ये शोधा. माझ्याकडे तिथेही तेच, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही कमांड दिली की बोर्डावरची उपकरणं येतात, त्यात कधी वायफाय कार्ड आहे तर कधी ती ओळच नाही. ज्या गोष्टीचा पत्ता दोन वेगवेगळ्या सिस्टिमना लागत नाही ती सॉफ्टवेअरने कशी सुटणार. तिथेच विंडोज नव्याने टाकायचा विचार सोडला. मग मागचं झाकण उघडून कार्ड काढून परत नीट बसवलं, काही आठवडे चाललं, पुन्हा तेच, तेव्हा कार्ड बदलायचं ठरवलं.

आता कार्ड निवडताना एक मोठा खड्डा आहे. दिसायला सगळी सारखीच, एम.2 2230, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 30 लांब, पण आतून दोन जाती आहेत. एएक्स200 आणि एएक्स210 ही स्वतंत्र कार्डं, पीसीआय एक्सप्रेसवर (बोर्डाशी बोलण्याचा सर्वसाधारण मार्ग) चालतात, इंटेल आणि एएमडी दोन्ही प्रोसेसरवर. एएक्स201 आणि एएक्स211 मात्र अर्धवट कार्डं आहेत, त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे ती ठराविक इंटेल मशीनवरच चालतात आणि एएमडीवर अजिबात नाही. शेवटचा एक आकडा चुकला की कार्ड बसतं छान पण दिसत नाही, आणि मग लोकं कार्ड खराब निघालं म्हणून नाराज होतात. जुन्या काही लॅपटॉपमध्ये बायोसच (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) ठराविक कार्डांशिवाय दुसरं स्वीकारत नाही, तेव्हा तुमच्या मॉडेलवर आधी कोणी बदललंय का हे शोधून घ्या. आणि काही पातळ मशीनमध्ये कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा मार्गच बंद.

बसवणं अवघड नाही पण घाई नको. नवा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण बसवल्यावर नेट असेलच असं नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, बायोसमध्ये काही बदललं तर कधीकधी मागते. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. कार्डाला एकच स्क्रू असतो आणि वर दोन बारीक वायरी, बहुतेक ठिकाणी एक काळी एक पांढरी, याच अँटेना, बऱ्याच लॅपटॉपात त्या बिजागरीतून स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. त्यांची टोकं मोहरीएवढी बारीक, सरळ वर उचलायची, आडवी ओढायची नाहीत. लावताना टोक बरोबर मधोमध आलंय का हे बोटाला कळतं, मग वरून दाबलं की हलकी टिक जाणवते, ती जाणवली नाही तर बसलेलं नाही, जोर न लावता उचलून पुन्हा ठेवा. हे कनेक्टर मोजक्याच वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात. झाकण लावण्याआधी नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) देऊन सिग्नलची टक्केवारी बघा, विंडोजच्या हिशोबात 100 टक्के म्हणजे उणे 50 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगलं, राऊटरच्या शेजारी बसून फारच कमी दिसत असेल तर वायर बसलेली नाही. स्क्रीन पुढे-मागे करूनही आकडा बघा, झाकणाच्या कोनाबरोबर तो धाडकन पडत असेल तर बिजागरीत वायर तुटत आलीय आणि मग नवं कार्डही तुम्हाला वाचवणार नाही.

आता इतक्या महिन्यांचा अनुभव. स्लीपमधून उठल्यावर पासवर्ड टाकेपर्यंत वायफाय जोडलेलं असतं. लांब मीटिंगमध्ये एकदाही तुटलेलं नाही. राऊटरपासून दोन भिंती पलीकडे आधी जिथे व्हिडिओ अडकायचा तिथे आता अडकत नाही, अर्थात त्यात कार्ड किती आणि नीट बसलेल्या वायरी किती हे वेगळं करून सांगता येणार नाही. बॅटरीत फरक जाणवला नाही. हे कार्ड 6 गिगाहर्ट्झवरही चालतं, पण त्याला तसा राऊटर, विंडोज 11 आणि तुमच्या देशात परवानगी हे तिन्ही लागतं, माझा राऊटर तसा नाही त्यामुळे त्याबद्दल काही बोलत नाही. ब्लूटूथ याच कार्डात आहे पण ते स्लॉटमधल्या यूएसबीच्या वायरींवरून जातं, म्हणून वायफाय चालू आणि ब्लूटूथ गायब असं कोणाला झालं तर स्लॉटला यूएसबी जोडलेलं आहे का ते बघा.

दोन कुरबुरी झाल्या. विंडोज अपडेटने एकदा स्वतःहून ड्रायव्हर बदलला आणि वेग अर्ध्यावर आला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक केलं आणि पूर्ववत झालं. दुसरी जरा मजेशीर, बाहेरची हार्ड डिस्क लावली की 2.4 गिगाहर्ट्झवरचं वायफाय आणि ब्लूटूथ माऊस दोन्ही अडखळायचे. यात कार्डाचा दोष नाही, यूएसबी 3 च्या केबलमधून आणि कनेक्टरमधून नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने 2012 मध्येच त्यावर सविस्तर कागद काढलाय. चांगल्या आवरणाची केबल घेतली, डिस्क लांब ठेवली आणि वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं, विषय मिटला.

ज्यांचं कार्ड सोल्डर केलेलं आहे त्यांनी यूएसबीचं वायफाय अडॅप्टर घ्यावं, फक्त लिनक्सवर वापरणार असाल तर आतली चिप कुठली आहे आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि नवं कार्ड किंवा अडॅप्टर काहीही लावलं तरी मॅक अॅड्रेस (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बदलतो, त्यामुळे राऊटरमध्ये मॅक फिल्टर (ठराविक ओळख क्रमांकांनाच जोडू देणं) असेल किंवा ऑफिसमध्ये मशीन नोंदवून घेतलेलं असेल तर नवा अॅड्रेस तिथे आधी द्या, नाहीतर सगळं नीट बसवूनही जोडलं जाणार नाही आणि तुम्ही उगाच झाकण पुन्हा उघडत बसाल.