मॅच छर्‍यांचा आठ महिन्यांचा अनुभव: ब्रँड नंतर, आधी डब्याच्या तळाचा लॉट नंबर बघा

माझी पोरगी दहा मीटर एअर रायफलची नेमबाज आहे. तिच्यासाठी गेल्या महिन्यात मॅचच्या, म्हणजे स्पर्धेत मारायच्या शिशाच्या छर्‍यांचे दहा डबे मागवले. फोनवर लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर, दोनदा सांगितला, जुन्या डब्याच्या तळाचा फोटो पाठवला, पैसे आगाऊ भरले. पार्सल आलं त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये होतो. पोरगी एक डबा घेऊन रेंजवर गेली आणि दोन दिवस चेहरा पाडून परत आली. तिसर्‍या दिवशी मी डबा उलटा करून बघितला. ब्रँड तोच, माप 4.50 तेच, लॉट मात्र दुसराच.

दुकानदाराला फोन लावला. म्हणाला, "साहेब, कंपनी तीच, माप तेच. छर्‍यात काय फरक असतोय? आणि उघडलेला माल परत घेता येत नाही." उरलेले नऊ डबे सीलबंद होते, तेही घेतले नाहीत. डबा मला पंधराशेच्या आसपास पडतो, म्हणजे पंधरा हजार रुपये अडकले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण "छर्‍यात काय फरक असतोय" हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं, म्हणून आठ महिन्यांत जे बघितलं, मोजलं ते सगळं लिहितोय.

आमच्याकडे सेकंडहँड वॉल्थर एलजी 400 रायफल आहे. दहा मीटर, रोज साठ ते ऐंशी शॉट, आठवड्याला सहा दिवस. पाचशेचा डबा आठवड्याभरात संपतो. माझं लेथचं काम आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. महिन्याला सहा हजार रुपये नुसते शिशावर जातात हे सुरुवातीला मला फार लागायचं. म्हणून मी एक युक्ती काढली: सरावाला साडेतीनशेचे स्वस्त छर्रे आणि मॅचच्या आधी चार दिवस चांगले. रेंजवर बरेच पालक हेच करतात, अजूनही करतात.

ती युक्ती चुकीची होती, आणि हे मला पोरीनं सांगितलं, आकड्यांनी नाही. नेमबाज ट्रिगर सुटल्या क्षणी शॉट कुठे गेला ते मॉनिटर न बघता सांगतो, त्याला कॉल म्हणतात. मी तिच्या मागे खुर्चीत बसलो होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "दहा चार, तीन वाजता." म्हणजे 10.4 गुण, घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला. मॉनिटरवर 9.7, आठ वाजता. पुढचा शॉट, "दहा पाच, मधे." आला 10.0, खाली. असे सात-आठ शॉट झाले आणि तिनं कॉल करायचं सोडून दिलं. घरी येताना गाडीवर मागून म्हणाली, "पप्पा, माझं दिसणंच चुकतंय बहुतेक." तिचं दिसणं बरोबर होतं. छर्रे तिला खोटं पाडत होते. आपण केलेलं बरोबर की चूक हे ओळखायची सवयच जर मोडली, तर डब्यामागे वाचलेल्या अकराशे रुपयांना काय अर्थ आहे? त्या रात्री स्वस्त छर्रे बंद केले.

मग माझ्यातला टर्नर जागा झाला. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशी डोक्याची मापं असतात, म्हणजे दहा-दहा मायक्रॉनचा फरक. माझ्याकडे मायक्रोमीटर आहे, हातही बसलेला आहे. पन्नास छर्रे मोजले. पहिल्याचं माप 4.50 आलं, दुसर्‍यांदा तोच मोजला तर 4.48. शिसं इतकं मऊ की रॅचेटच्या शेवटच्या कटकटीतच ते दबतं. मोजताना आपण मापच बदलतो. छर्रा मायक्रोमीटरनं मोजू नका, मोजलेला वापरू तर नकाच.

त्यानंतर वजन. गुजरीत माझ्या मित्राचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा. सलग दोन संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसून एक अख्खा डबा तोलला. रायफलचा मॅच छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो (पिस्तुलाचा हलका, 0.45 ते 0.49, डबा घेताना ते आधी बघा). हलके, मधले, जड असे तीन ढीग केले. फरक इतका थोडा होता की मित्र म्हणाला, सोन्यात एवढा आम्ही धरत नाही. तरी मला वाटत होतं की इथेच काहीतरी सापडणार. पुढे तिन्ही ढीग रायफलमधून मारून बघितले, दहा मीटरवर काही फरक पडला नाही. चांगल्या मॅच छर्‍यांच्या बाबतीत तोलण्यात वेळ घालवू नका, असं माझं आता ठाम मत आहे. स्वस्त छर्रे तोलून त्यातले चांगले निवडू म्हणाल, तर तेही करून झालंय. त्यांचा मागचा पोकळ घेर, म्हणजे स्कर्टच, सारखा नसतो. काटा ते दाखवत नाही.

उत्तर मिळालं ते रायफल घट्ट बांधून मारल्यावर. रेंजच्या मॅडमच्या परवानगीनं मी जाड बेडवर व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, बसवला, जबड्यांना चामडं लावलं, आणि रायफल त्यात धरली. माणसाचा हात, श्वास, डोळा सगळं बाजूला. छर्रे घेतले आर-10, फिनाले मॅच, जेएसबी आणि चिनी चियांग युआन, त्यातही दोन-दोन मापं, जमेल तिथे दोन लॉट. प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप, कागदी कार्डावर. मॅच छर्‍याचं तोंड सपाट असल्यामुळे कागद पंच मारल्यासारखा कापला जातो आणि व्हर्नियरनं बाहेरच्या कडा मोजता येतात. त्यातून छर्‍याचे 4.5 वजा केले की खरा फैलाव कळतो.

आमच्या नळीतून सगळ्यात चांगल्या लॉटचा ग्रुप बाहेरून बाहेर 5.8 मिलिमीटर आला, म्हणजे फैलाव 1.3. त्याच ब्रँडचा, त्याच मापाचा दुसरा लॉट, म्हणजे नव्या दहा डब्यांचा, 7.6, म्हणजे फैलाव 3.1. सरावाचे स्वस्त छर्रे अकराच्या पुढे. कार्डं मी वर्कशॉपमध्ये भिंतीला लावून ठेवलीत. पहिल्या कार्डावर एक गोल भोक आहे, त्यात दहा छर्रे गेलेत असं कुणाला खरं वाटत नाही. दुसर्‍यावर पळसाच्या पानासारखा तीन बाजूंना फाटलेला आकार. डब्यांवर बाहेरून फरक फक्त एका छापील नंबराचा.

एवढ्या मिलिमीटरनं काय होतं, असं विचारणार्‍यांसाठी हिशोब सांगतो. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे. मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलं की 0.1 गुण जातो, एक मिलिमीटर म्हणजे 0.4. असे साठ शॉट. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 630.7 गुण करूनही भारताची इलावेनिल वालरिवन दहावी आली आणि आठ जणींच्या फायनलबाहेर राहिली. आमची पोरगी अजून त्या पायरीच्या आसपासही नाही, ती 618 ला होती. नवीन लॉटवर दोन दिवस 614 आणि 613 आले. चार-पाच गुण वाढवायला तिला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती.

इथपर्यंत माझं मत होतं की एकच लॉट बरोबर, बाकी सगळे टाकाऊ. ते मत मला बदलावं लागलं. मॅडमनी विचारलं, "नळी शेवटची कधी साफ केली होती?" मला तारीख सांगता आली नाही. लोकरीचे क्लीनिंग पेलेट घालून नळी साफ केली, पहिले तीन अगदी काळे निघाले. त्यानंतर वीसेक शॉट मारून नळी बसू दिली आणि पुन्हा व्हाइसवर चढवली. पहिला लॉट पहिलाच राहिला, पण दुसर्‍या नंबरवरचा, वेगळ्या ब्रँडचा 4.49, जवळजवळ त्याच्या बरोबरीला आला. आधी मी तो बाद केला होता. म्हणजे माझी पहिली चाचणी अर्धी छर्‍यांची होती आणि अर्धी मळाची. आता दर दोन डब्यांनंतर सफाई करतो आणि तारीख डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहितो.

पहिला आलेला ब्रँड कुठला, हे मुद्दाम सांगत नाही. तुम्ही तोच मागवाल, आणि ते उत्तर आमच्या नळीचं आहे, तुमच्या नळीचं नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. कुरिअरमध्ये डबा आपटला की कडेच्या छर्‍यांचे स्कर्ट चेपतात. उजेडात धरून बघितलं की लगेच दिसतं, असे बाजूला काढा. डबा खिशात खुळखुळवत रेंजवर नेऊ नका. पोरं छर्रा ओठांत धरतात, ते दिसलं की तिथल्या तिथे थांबवा. शिसं आहे ते. शूटिंग झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्यातलं काही खायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

आता त्या दहा डब्यांचं. कपाटात पडून राहण्यापेक्षा बघू तरी म्हणून मी मागच्या रविवारी रेंजवर व्हाइस पुन्हा लावला आणि इतर पोरांच्या रायफली त्यावर घेतल्या. स्वप्निल कुसाळेला पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळाल्यापासून आमच्या रेंजवर पोरं वाढलीत, त्यामुळे रायफलींना तोटा नव्हता. पहिल्या दोन रायफलींतून तो लॉट तसाच फाकला. तिसरी एका शेतकर्‍याच्या मुलाची फाइनवेर्कबाउ. पाच शॉट झाले, भोक मोठं होईना. दहा झाले. व्हर्नियर लावला, 5.9. मी पुन्हा दहा मारले, 5.7. आमच्या नळीत 7.6 देणारा तोच डबा, तोच लॉट. मुलाचे वडील कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत उभे होते. त्यांचा मुलगा वर्षभर दुसरेच छर्रे मारत होता, कारण दुकानात तेच मिळाले होते.

नऊ सीलबंद डबे त्यांनी माझ्या खरेदीच्या भावात नेले. उघडलेला मी तसाच दिला.

त्या पैशातून दुसर्‍या दुकानदाराकडून आमच्या लॉटचे सहा डबे मिळाले, त्याच्याकडे तेवढेच शिल्लक होते. त्यानं पैसे घ्यायच्या आधी प्रत्येक डबा उलटा करून तळाचा फोटो पाठवला. सहा डबे म्हणजे दीड महिना. तो संपायच्या आत पुढचा लॉट शोधायचा आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा मागवलाय. यापुढे दहा डबे एकदम घेईन ते एक डबा व्हाइसवर मारून बघितल्यावरच. परवा पोरगी सहातल्या पहिल्या डब्यावर मारत होती. मी मागे बसलो होतो. "दहा सहा, एक वाजता," ती म्हणाली. मॉनिटरवर 10.6, एक वाजता.