चाळीस रुपयांचं बूच, बत्तीस हजारांची कयाक: आठ महिन्यांनंतर

लांबी, वजन, किती माणूस पेलते हे सगळं ज्याला घ्यायचीय त्यानं केव्हाच पाठ केलेलं असतं. बसायची जागा उघडी, तिथे आलेलं पाणी निघून जायला तळाला आरपार भोकं, एकट्यानं वल्हवायची, रंग नारिंगी. त्यावर वेळ घालवत नाही. मी लिहिणार आहे बुचाबद्दल.

मागच्या टोकाला एक काळं प्लास्टिकचं बूच आहे, अंगठ्याएवढं. होडीच्या पोकळ पोटात जे पाणी झिरपतं ते काढायला. समुद्रातून आलं की बूच उघडायचं, होडी मागच्या अंगावर तिरकी करायची, पाणी ओघळून जातं. हे बूच पाण्याच्या रेषेच्या जेमतेम चार बोटं वर बसवलंय. आता मी ऐंशी किलोचा. मागच्या खणात पाण्याच्या बाटल्या, डबा, कोरड्या कपड्यांची पिशवी. एवढं चढलं की बूच लाटेगणिक भिजतं. जरा जरी सैल असलं तरी पेलाभर पाणी आत जातं, त्या पाण्यानं मागचं टोक आणखी बसतं, मग बूच कायमचंच पाण्याखाली आणि आत येणाऱ्या पाण्याचा वेगही वाढलेला. ज्यानं ही जागा निवडली तो कधी भरल्या होडीत बसला असेल असं वाटत नाही.

मी हिशेबाचा माणूस, वही ठेवतो. पहिल्या फेरीनंतर निघालेलं पाणी दीड पेला. चौथ्या फेरीला तांब्याभर. नवव्या फेरीला अर्धी बादली. बुचाचे आटे प्लास्टिकचे, ते ज्यात बसतं त्या कड्याचेही आटे प्लास्टिकचे. मध्ये वाळूचा एक कण गेला की दोघेही एकमेकांना खातात. एकदा वाकडं बसलं की पुढच्या वेळी ते आपणहून त्याच वाकड्या चाकोरीत जातं. बोटानं घट्ट होईना म्हणून मी पक्कड लावली. (याबद्दल पुढे.)

कंपनीला फोन केला. "सर, बूच कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." बरं, विकत द्या. "सुटं मिळत नाही सर, पूर्ण किट घ्यावं लागेल." किटमध्ये झाकणं दोन, पट्टे चार, दोरी आणि बूच. किंमत 1,650, कुरिअर 280 वेगळे. मला झाकणं नकोत, पट्टे नकोत. दुसऱ्या फोनला दुसरा मुलगा, तो म्हणाला कडंच गेलं असेल तर होडी गोदामात पाठवा. रत्नागिरीहून चार मीटरची होडी गोदामात! टेम्पोवाल्यानं जाण्याचे फक्त सहा हजार सांगितले. कंपनीनं मला बूच दिलं नाही, लावलं मात्र व्यवस्थित. त्या रात्री पाचपैकी एक तारा द्यायचं ठरवून टाकलं होतं.

मग डिसेंबरातली ती सकाळ. आम्ही नेहमीचे पाचजण, त्यात डॉक्टर आणि मास्तरही, भाट्याच्या पुलाजवळून उतरलो. वद्य पंचमी होती. आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण, ओहोटी संपणार दहाच्या आसपास. बेत सरळ होता. साडेसहाला ओहोटीबरोबर काजळी नदीच्या तोंडातून बाहेर पडायचं, मतलई वारा (सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो) पाठीशी घेऊन मांडवी किनाऱ्याच्या पुढे रत्नदुर्ग किल्ल्याच्या कड्याखाली जायचं, दीपगृह खालून बघायचं, आणि दहानंतर पाणी उलटलं की त्याच्याबरोबर घरी. समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरायच्या आत पोहे.

साडेआठला कड्याच्या अलीकडेच मला कळलं की होडी वळत नाही. डावीकडे वल्हं मारलं तर ती विचार करून वळायची. कललो की पोटातलं पाणी त्याच बाजूला धावायचं, ती आणखी कलायची. वही नव्हती, पण अर्ध्या बादलीच्या कितीतरी पुढे गेलेलं प्रकरण होतं.

शिट्टी मारली. सगळ्यात आधी पोचल्या त्या वहिनी. आमच्यातल्या एकाच्या बायको, पण आता तो त्यांचा नवरा म्हणून ओळखला जातो. त्यांनी माझ्या होडीला होडी लावली, कडेचा पट्टा धरला आणि पहिलं वाक्य:

"भाऊजी, पुढे सरका. आणखी. पाय पुढच्या झाकणावर टाका."

सरकलो. मागचा डबाही त्यांनी माझ्या मांडीवर आणून ठेवला. मागचं टोक उचललं, बूच पाण्याच्या वर आलं, गळती तिथेच थांबली. इतकं साधं. आठ आठवडे मी आटे, वॉशर, कंपनी यांच्याशी भांडत होतो आणि वजन पुढे घ्यावं हे सुचलं नव्हतं. पुढचं झाकण उघडून पंपानं पाणी उपसावं असं मी म्हणालो तर डॉक्टर ओरडले, "लाटेत झाकण उघडायचं नाही! आहे तेवढं राहू दे." खरंच होतं. वरून एक लाट आत गेली असती तर बुचाचा प्रश्न कायमचा मिटला असता.

आता अडचण अशी की दहाची वाट बघण्यात अर्थ नव्हता, आणि नऊ वाजता खाडीच्या तोंडात ओहोटी बाहेर धावत असते. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट उभी राहते आणि जागेवर फुटते. जड होडी घेऊन तिथे शिरणं म्हणजे स्वतःहून आडवं होणं. मास्तरांनी निर्णय दिला: तोंडात जायचंच नाही, दक्षिणेला भाट्याच्या उघड्या वाळूवर लावायची. डॉक्टरांनी ओढदोर लावला, वहिनी बाजूला, मास्तर मागे. सुरूच्या बनासमोर लागलो तेव्हा पावणेदहा झाले होते. माझा दंड भरून आला होता आणि तोंडात शब्द नव्हता, जे सहसा होत नाही.

वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमलेली. एक लिटर पाणी एक किलो, हे शाळेत शिकलेलं गणित सहाजणांनी होडी उचलताना समजलं. पाणी काढल्यावर त्यांच्यातल्या एका काकांनी बूच हातात घेतलं, उजेडात धरलं, आट्यावरून नख फिरवलं आणि मला विचारलं, "पक्कड कोणी लावली?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर माझ्याकडेच बघत होते.

काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, आट्यावर ताणून दोन वेढे दिले, बूच हातानं बसवलं. वर एवढंच म्हणाले, की लाकडाच्या होडीच्या सांध्यात कापूस आणि राळ भरताना पण हातोडी हलकी मारायची, नाहीतर फळीच फाकते. साडेदहाला भरतीबरोबर खाडीतून आत आलो. बूच थेंबभरही गळलं नाही. पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा. पाजला. सहा चहा, भजी दोन प्लेट, 160 रुपये. किटपेक्षा स्वस्त.

इथवर जानेवारीत लिहिलं होतं आणि खाली एक तारा दिला होता. आता मे संपत आलाय. तारा बदलतोय, त्याचं कारण सांगतो.

ट्यूबची पट्टी म्हणजे तात्पुरता उपाय. कडं बदलायचं तर चिकटवणार कशानं? दोन प्रकारची लांबी (फटी बुजवायचा लगदा) लावून बघितली, एक सिलिकोनची नळी संपवली. वाळल्यावर सगळं सालीसारखं निघून हातात. मग मास्तरांनी विचारलं, "ही होडी कसली आहे?" पॉलिथिलीनची. "आणि तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी?" टाकीही त्याच जातीची. दोन्ही एकाच रीतीनं होतात: साच्यात प्लास्टिकची भुकटी टाकायची, साचा भट्टीत फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतल्या बाजूला सगळीकडे सारखी बसते. म्हणून सांधा कुठेच नसतो. आणि पॉलिथिलीनची म्हणून तिला सहसा काही चिकटत नाही. तिला जोडायची तर वितळवूनच जोडावी लागते. माझी बत्तीस हजारांची कयाक ही टाकीची सख्खी धाकटी बहीण निघाली.

टाक्या दुरुस्त करणारा गावात आहे. तो दारात येऊन होडीकडे बघत राहिला, म्हणाला, "ही आडवी टाकी कशाला घेतलीत?" जुनं कडं कापून काढलं, हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची पितळी आट्याचं कडं आणि त्याला बसणारी डमी (नळाचं तोंड बंद करायचं आट्याचं बूच) आणली. प्लास्टिकच्या पट्ट्या तापल्या सळीनं वितळवून कड्याभोवती गोल भरल्या. हात इतका स्थिर, की जिलबी घालतोय असं वाटावं. काळ्या पट्ट्या नारिंगी होडीवर दिसतात विचित्र, डाग पडल्यासारखं. पण नळाला लावतात तो टेफलॉन टेप डमीवर तीन वेढे, हातानं घट्ट, आणि गेल्या सतरा फेऱ्यांत निघालेलं पाणी: अर्धा पेला. तेही बहुधा झाकणातून. मजुरी 250, डमी आणि कडं 110. सुटी प्लास्टिकची बुचंही मिळाली, चाळीसला एक. पाच घेऊन ठेवली.

पितळ खाऱ्या पाण्यात हिरवं पडतं हे मला माहीत आहे, कोणी शिकवू नये. दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुतो, महिन्यातून एकदा ग्रीसचं बोट फिरवतो. खरं तर हेच मी पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या आट्यांना केलं असतं, ओल्या जुन्या दातघासणीनं वाळू काढली असती आणि पक्कड घरात ठेवली असती, तर बूच वर्षभर तरी गेलं असतं. कंपनीची जागा चुकलीच, पण पक्कड माझी होती. म्हणून एक तारा वाढवला. किटच्या 1,650 बद्दल मात्र वाढवणार नाही.

आणखी एक तारा तळासाठी. रत्नदुर्गाखालच्या कालवं लागलेल्या खडकावर ही दोनदा घासलीय. पायाला लागलं असतं तर टाके पडले असते. होडीला ओरखडे, बाकी काही नाही.

बाकीचं थोडक्यात. आसन एका तासापुरतं ठीक, नंतर कंबर आठवण करून देते; मी जुनी योगाची चटई घडी करून घालतो. पाय टेकायच्या पट्टीचे स्क्रू कंपनीनं 'स्टेनलेस' म्हणून दिले, तिसऱ्या महिन्यात तांबडे. समुद्रासाठी 316 नंबरचं स्टेनलेस लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं, मीठ सोसतं. 304 पण स्टेनलेसच, पण खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात. काहीजण चुंबक लावून ओळखतात म्हणे. दोन्हींना चुंबक फारसं लागत नाही, तेव्हा बंदरावरच्या होडीसामानाच्या दुकानातून मागून घ्या. आठ स्क्रूंनी चहापेक्षा जास्त पैसे घेतले, पण टिकलेत. दोन तुकड्यांचं वल्हं रात्रभर जोडलेलं ठेवू नका, सांध्यात मीठ आणि वाळू धरते. आमचं एकदा मी एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला अशी रस्सीखेच झाल्यावर सुटलं. लाइफ जॅकेट सावलीत वाळवा आणि त्यावर बसू नका, आतला फोम दबून जातो. टाकी काळी असते म्हणून उन्हात वर्षानुवर्षं टिकते, ही नारिंगी आहे. माझी गोठ्याच्या छपराखाली, कुशीवर, दोन रुंद पट्ट्यांवर टांगलेली असते. सपाट ठेवून उन्हात विसरलात तर तळाला खळगा पडतो.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आम्हीही बंद. बूच काढून, झाकणं उघडी ठेवून, तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवणार आहे. तुकडा उंदरांसाठी, डासांसाठी नाही. डॉक्टरांच्या होडीत गेल्या पावसाळ्यात उंदरीण बाळंत झाली होती. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की बघू.

आम्ही आता एक सामाईक डबा केलाय, चिवड्याची मोठी बरणी आहे खरं तर. त्यात ओढदोर, टेफलॉन टेप, 316 चे चार स्क्रू, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि माझी पाच सुटी बुचं. बरणीत पक्कड ठेवायची नाही असा ठराव झाला, तो माझ्याकडे बघून झाला. गेल्या रविवारी मोजली तेव्हा बुचं चार होती. पाचवं मास्तरांच्या होडीला आहे. चाळीस रुपये, वहीत लिहून ठेवलेत.

तारे: तीन.