नेट सुरू झालं आणि ४७,३४९ रुपये गेले

आधी आकडे लिहितो. २,९९९, मग २४,५००, मग १९,८५०. एकूण ४७,३४९ रुपये, खोट्या कस्टमर केअरवाल्याने नेलेले. तेही ऐन हापूसच्या तोंडावर, पेट्यांचे आगाऊ पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून.

देवगडजवळ आमची बाग आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते, हिशेब, सगळं २०१२ साली जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर. विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचे अपडेट थांबवले, ठाऊक आहे, त्यावर उपदेश नको. नेटवाला बदलला आणि कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. 'डीएनएस सर्व्हर रिस्पॉन्ड करत नाही', एवढंच. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सोय. त्याच वायफायवर मोबाईल मात्र धडधडीत चालत होता. लाइन जोडून गेलेला पोरगा फोन उचलेना. तिकडे मुंबईची गिऱ्हाइकं मेलवर दर विचारतायत. मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर' शोधलं आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. कंपनीचा खरा नंबर बिलावर होता. बिल घ्या, शोधू नका.

आता म्हणाल, एवढंही कळलं नाही? तर ऐका. फोनवरच्या या माणसाने काम केलं. खरंखुरं. नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, चेंज अडॅप्टर सेटिंग्ज, कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. सगळं फोनवर शांतपणे सांगत होता, "सर, घाई नको" म्हणत. तिथे डीएनएसच्या खान्यात काही आकडे भरलेले होते, ते पुसून गूगलचा ८.८.८.८ घालायला लावलं. ओके केलं आणि मेल धाडकन उघडली. गरीला आमिष खरंच लावावं लागतं, हे मच्छीमारांच्या गावात राहून मला कुणी सांगायला नको होतं.

तोच क्षण. नेट आलं होतं! फोन तिथेच ठेवायचा. "थँक यू" म्हणून ठेवायचा. तो म्हणाला, "सर, हे तात्पुरतं आहे, कायमचं करायला मला आत यावं लागेल," आणि मी त्याला आत घेतलं. मघाशी नेटच नव्हतं, तेव्हा त्याला आत येता येत नव्हतं. त्याने आधी रस्ता दुरुस्त केला तो स्वतःला यायला. हे आठवलं की अजून रात्री झोप लागत नाही.

लांबून स्क्रीन बघता-चालवता येणारं ॲप कॉम्प्युटरवर घेतल्यावर त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. "सर, सिस्टम हॅक झालीय." त्या खुणा कुठल्याही धडधाकट मशीनवर असतात. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट (कॉम्प्युटर कुठे कुठे जोडलाय त्याची यादी) चालवून 'फॉरेन ॲड्रेस' दाखवला, म्हणे परदेशातून कुणीतरी बसलंय. फॉरेन म्हणजे तिथे फक्त पलीकडचं मशीन. तीन वर्षांचं 'डीएनएस रजिस्ट्रेशन', २,९९९ रुपये. असलं काही नसतं, डीएनएस फुकट असतं. यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं मी. "आमचे फ्रँचायझी पार्टनर." मग पेमेंट पडताळणीसाठी तेच ॲप मोबाईलवर. बिघडला होता कॉम्प्युटर, मोबाईल कशाला? मोबाईलमध्ये स्क्रीन दाखवणारं ॲप मागितलं की शिवी घालून फोन ठेवा.

"मोबाईल टेबलावर पालथा ठेवा सर, सिग्नल लागू दे." ठेवला. कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा, 'अपडेट चालू आहे'. टेबलावर मोबाईल थरथरला, थोड्या वेळाने परत थरथरला. ते ओटीपी होते. मी एकही ओटीपी तोंडाने सांगितलेला नाही, हे बँकेतल्या साहेबांनी कृपया वाचावं. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता (काढा, आत्ता काढा), आणि आमच्या बँकेत २५,००० पर्यंत बेनिफिशरी (पैसे घेणाऱ्याचं खातं) न जोडता पाठवता येतात. म्हणून २४,५००.

पहिला मेसेज दिसताच बँकेच्या हेल्पलाइनला लावला. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा. ते दाबत असताना १९,८५० गेले. शाखेत गेलो तर "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला ना?" रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. त्यात स्वच्छ आहे की ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. उत्तर: तुम्ही कळवलं म्हणजे माणसाशी बोललात तेव्हा. मग बटणं दाबायला लावता ती कुणाच्या करमणुकीसाठी? पोलिसांत गेलो, तर आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास इन्स्पेक्टरनेच करायचा आणि साहेब आंगणेवाडीच्या जत्रेच्या बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर म्हणे, पैसे गेले ते खातं परराज्यातलं, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून हद्द न बघता गुन्हा नोंदवायचा कायदा आहे. तो मी हवालदाराला सांगायचा? "काका, तुम्ही शिकलेले दिसता, मग फसलात कसे?" हे मात्र त्याला लगेच सुचलं.

१९३०, ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, आधी लावा. मी सगळ्यात शेवटी लावला. पहिल्या तासात पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात.

कुडाळचा भाचा आला, बघून हसला. "मामानु, ह्या दोन मिनटाचा काम होता." जुन्या नेटवाल्याचा डीएनएस कुणीतरी हाताने भरून ठेवलेला, आणि अशा कंपन्यांचे डीएनएस बहुधा स्वतःच्या गिऱ्हाइकांनाच उत्तर देतात. त्याच खिडकीत 'ऑटोमॅटिकली' वर टिंब द्यायचं, बस. तुमच्याकडे असं झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (तीच काळी खिडकी) पिंग ८.८.८.८ करा. उत्तर आलं आणि साइट नावाने उघडत नसेल, तर लाइन ठीक आहे, घोळ डीएनएसचा. त्याला कुणाचा बापही लागत नाही.

बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. अर्ज टाकलाय. सगळे नाही मागितले, फक्त १९,८५०, सोबत मोबाईलच्या कॉल यादीचा फोटो, वेळेसकट.