स्क्वायर ॲफिनिटी जॅझ बेस: नेक पारखून घ्या, बाकीचं बसवता येतं

पहिला बेस (खर्जाची चार तारांची गिटार) घेताना बजेट बेताचं असेल तर फेंडरच्या स्क्वायर या स्वस्त शाखेतला ॲफिनिटी जॅझ बेस यादीत येतोच. यायलाही हवा. या वाद्यात पैसे खरे कुठे गेलेत आणि कुठे वाचवलेत हे घेण्याआधी माहीत असलं, की निराशा होत नाही. आमचं मत आधीच सांगतो: यात तुम्ही विकत घेता ती नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब मान. पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं), खुंट्या, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग), जॅक (वायर खोचायची जागा), ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी) हे सगळं पुढे सवडीने बदलता येतं. वाकडी, पिळलेली किंवा ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) आवळून संपलेली नेक मात्र बदलायची म्हटली तर खर्च जवळपास नव्या बेसइतका येतो.

जॅझ बेसचा मूळ आराखडा 1960 सालचा. फेंडरचाच प्रिसिजन बेस त्याआधीचा, 1951चा. दोघांची तारेची लांबी एकच, 34 इंच म्हणजे 864 मिमी. हाताला फरक जाणवतो तो नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे. ॲफिनिटी जॅझची नेक तिथे 38.1 मिमी रुंद आहे, तर प्रिसिजनची रूढ रुंदी 41.3 मिमी. तीन मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण बोटं लहान असलेल्याला किंवा सहा तारांच्या गिटारवरून बेसकडे वळणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. बॉडी पॉप्लरची, नेक मेपलची, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) 20, फिंगरबोर्डची (फ्रेट बसवलेल्या वरच्या पट्टीची) गोलाई साडेनऊ इंच त्रिज्येची. फिंगरबोर्ड मेपलचा किंवा इंडियन लॉरेलचा मिळतो. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. रोझवूडपेक्षा जरा फिकट, कोरडं दिसणारं लाकूड, पण टिकाऊ. त्याला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन पुसावं आणि जादा तेल लगेच टिपून घ्यावं. खोबरेल लावू नका. ते खवट होतं, चिकट होतं आणि फ्रेटच्या कडेला मळ धरतं. मेपलच्या बोर्डावर आधीच लॅकर असतं, त्याला तेल लागत नाही.

दुकानात गेल्यावर आधी आवाज ऐकू नका, नेक बघा. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या ठिकाणी एकाच मॉडेलचे दोन-तीन नग असतील तर सगळे हातात घ्या. लाकूड आहे, प्रत्येक नग वेगळा निघतो. हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या टोकाकडून) डोळा लावून बॉडीच्या दिशेने नेकच्या दोन्ही कडा बघा. किंचित पुढे झुकलेला बाक चालतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर नेक पिळलेली आहे, तो नग ठेवून द्या. मग E (सगळ्यात जाड) आणि G (सगळ्यात बारीक) या बाहेरच्या तारा शेवटच्या फ्रेटपाशी कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. G तार कडेवरून घसरत असेल तर घाबरायचं कारण नाही. नेक चार स्क्रूंवर बसवलेली आहे. तारा थोड्या सैल करून, स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले करून नेक हलक्या हाताने सरकवता येते. पण हे दुकानातच करून मागा.

नंतर तळहात नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली तर दोन कारणं असतात: टोकं नीट घासलेली नाहीत, किंवा लाकूड सुकून आकसलंय आणि धातूचे फ्रेट होते तेवढेच राहिलेत. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दुसरा प्रकार बराच दिसतो. बारीक कानशीने तासाभराचं काम आहे, नग नाकारण्याचं कारण नाही.

प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. चार तारा, वीस फ्रेट, ऐंशी स्वर. पाच मिनिटं लागतात आणि दुकानदाराला राग आला तरी वाजवा. G तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो का ते ऐका. फेंडर घडणीच्या बेसमध्ये ही मुकी जागा सर्रास आढळते, महागड्यांतही. त्या स्वराला नेक स्वतःच थरथरते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. ट्रस रॉड फिरवून ती जात नाही. हेडस्टॉकला वजनदार क्लॅम्प लावला तर ती जागा थोडी सरकते, एवढंच. म्हणून दोन नगांत ज्याचा स्वर तिथे जास्त टिकतो, तो घ्या. रंग मनासारखा नसला तरी.

बेस घरी आला की तसाच वाजवायला बसू नका, सेटअप करा, म्हणजे सगळे भाग मापात जुळवून घ्या. क्रम चुकवायचा नाही: नव्या तारा, सुरात लावणं, नेकचा बाक, तारेची उंची, नट, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचे स्वरही सुरात आणणं), शेवटी पिकअप.

यावर 45 ते 105च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) निकेल तारा येतात. बदलतानाही हाच गेज ठेवला तर नेकवरचा ताण बदलत नाही. चारही तारांचा मिळून ताण 80 किलोंच्या आसपास जातो, त्यामुळे चारही एकदम काढून बेस आठवडाभर तसाच ठेवू नका. जाड तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर जादा ठेवून तिथे काटकोनात वाकवा आणि मगच कापा. सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि स्वर बसका होतो. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून तीन वेढे खाली-खाली घ्या. A तारेच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. D आणि G या तारांना हेडस्टॉकवरची गोल टोपी खाली दाबून धरते, A ला तसं काही नाही. वेढे कमी पडले की A तार नटमध्ये सैल बसते आणि मोकळी वाजवली की किरकिरते. लोक नट बदलायला निघतात, खरी दुरुस्ती असते ती दोन जादा वेढ्यांची.

आता बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि E तार बॉडीला नेक मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ पट्टीसारखी झाली. आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फट किती आहे ते मोजा. हवी 0.3 मिमी. फीलर गेज गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. तोही नसेल तर जरा जाड व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढंच असतं. ते तार न उचलता जेमतेम सरकायला हवं. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा. घट्ट करण्याआधी तारा थोड्या उतरवा, नंतर परत सुरात लावा, मगच मोजा. चावी बेसबरोबर आलेली असेल तीच वापरा. 3/16 इंच आणि 5 मिमी या मापांत पाव मिमीचाही फरक नाही, पण सैल चावीने नटाचा षटकोन एकदा झिजला की ती नेक गेली. पाव-पाव करत पूर्ण फेरा झाला आणि फट हललीच नाही, किंवा नट दगडासारखा लागला, तर थांबा आणि कारागिराकडे न्या.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळा लागला की दोन-तीन आठवड्यांनी ही फट परत मोजा आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा. नेक कुठल्या दिशेला जाईल ते त्या त्या लाकडावर असतं. मोजल्याशिवाय चावी लावू नका.

तारेची उंची सतराव्या फ्रेटवर मोजतात: E खाली 2.4 मिमी, G खाली 2 मिमी. ही फेंडरची स्वतःची मापं आहेत आणि सुरुवातीला तीच ठेवावी. प्रत्येक सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही सारखे फिरवा, सॅडल तिरकं राहिलं की तार कडेला सरकते. A आणि D यांची उंची बोर्डाच्या गोलाईला धरून ठेवा.

झणझणाट आला तर तो कुठे येतोय यावरून रोग ओळखता येतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच येत असेल तर नेक फार सरळ झाली आहे, बाक वाढवा. बाराव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल खाली बसलंय. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर उठलाय. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नट. आणि ॲम्पमधून ऐकूच येत नसेल, नुसता कानाला लागत असेल, तर सोडून द्या. बेसची तार रुंद हलते, थोडा स्पर्श होणारच.

या किमतीच्या वर्गात नट बहुधा उंच सोडलेला असतो, कारण नट खोल कापला तर गिऱ्हाईक बेस परत आणतं, उंच सोडला तर आणत नाही. तपासणी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. एक-दोन कागदांएवढी फट ठीक. मोठी असेल तर E तारेवरचा F स्वर चढा लागतो आणि मोकळ्या तारा सुरात असूनही पहिल्या तीन फ्रेटवर सगळं बेसूर वाटतं. ब्रिजवर कितीही कसरत केली तरी हा दोष जात नाही. खाच घासायला तारेच्या जाडीची कानस लागते. हे एकच काम घरी करू नका. खोल गेलीच तर सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा भरून तात्पुरती सारवासारव होते.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. जुन्या, गंजक्या तारांवर ही मेहनत घेऊ नका. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, स्वर जुळतच नाहीत.

आवाजाबद्दल. दोन सिंगल कॉइल पिकअप, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम आणि एक टोन. पुढच्या पिकअपवर गोल, भरदार खर्ज मिळतो. मागच्यावर नाकातला, गुरगुरता आवाज येतो. बेसवादक जाको पास्टोरियस यांच्यामुळे जॅझ बेसच्या याच आवाजाचं जगाला वेड लागलं. दोन्ही पूर्ण उघडले की मधल्या पट्टीतला थोडा भाग एकमेकांत विरतो आणि आवाज स्वच्छ, जरा पोकळ होतो. ॲफिनिटीतली चुंबकं सिरॅमिक आहेत. आवाज तेज आहे, वरची धार जास्त आहे. टोन थोडा बंद केला की बँडमध्ये छान बसतो. स्क्वायरच्याच क्लासिक व्हाइब मालिकेतल्या अल्निको (वेगळ्या मिश्रधातूच्या चुंबकांच्या) पिकअपइतका तो मऊ नाही, हे मान्य करावं लागेल.

एकच पिकअप उघडा ठेवला की गुणगुण येते. दोन्ही सारखे उघडले की जाते, कारण दोघांची गुंडाळी आणि चुंबक परस्परविरुद्ध आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि E तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा G स्वर 49 हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण थेट तुमच्या स्वरांच्या मांडीला मांडी लावून बसते. पोकळ्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली तर बराच फरक पडतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं हे योग्य आहे. हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर मात्र ताबडतोब हात काढा आणि ॲम्पचा प्लग उपसा. तो बेसचा दोष नव्हे, अर्थिंग नसल्याची किंवा ॲम्प बिघडल्याची खूण आहे. मांडवातल्या जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे आधी टेस्टरने तपासावं, मगच बेस गळ्यात घालावा.

पिकअपची उंची तार शेवटच्या फ्रेटवर दाबून मोजा: E खाली साधारण 3 मिमी, G खाली अडीच. आवाज वाढवायचा म्हणून फार वर आणले तर चुंबक तारेला ओढतं आणि स्वर डगमगल्यासारखा येतो. स्क्रू फिरवूनही पिकअप वर येत नसेल तर खालचा फोम बसलाय, नवा तुकडा घाला.

वजनाची तक्रार नाही, तोल मात्र थोडा हेडस्टॉककडे जातो, कारण उघड्या गिअरच्या मोठ्या खुंट्या टोकाला आहेत. तीन इंची, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या. गुळगुळीत नायलॉनच्या पट्ट्यावर डावा हात नेक सावरण्यातच गुंततो.

24 फ्रेट हवे असतील तर यामाहा टीआरबीएक्स 174 बघा. आयबानेझ जीएसआर 200 मध्ये 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा बेस बूस्ट आहे. त्यात वायर लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते, हे लक्षात असू द्या. ॲफिनिटीत बॅटरीच नाही.

पुढे पैसे घालायचे झाले तर पहिले चांगल्या सेटअपवर आणि तारांवर. दुसरा नंबर जॅकचा, कारण हलणारा जॅक ऐन कार्यक्रमात दगा देतो. बाहेरचं नट सैल झालं की तो आतल्या वायरीसकट फिरतो आणि टाका तुटतो. पॉट खरखरले तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं कॉन्टॅक्ट क्लीनर आत एकदा फवारून नॉब वीसेक वेळा फिरवा. गाडीच्या साखळीचं तेल नको. पिकअप सगळ्यात शेवटी, आणि घ्याल तेव्हा जोडीनेच घ्या. जॅझ बेसचा मागचा पिकअप पुढच्यापेक्षा जरासा लांब असतो. पुढचेच दोन मागवले तर एक मागच्या खोबणीत सैल बसतो, आणि गुणगुण घालवणारी उलट-सुलट जोडीही जमत नाही.