भिंतीवर टांगावं की खणात ठेवावं? घरच्या मशीनशॉपची मांडणी

घरच्या मशीनशॉपची, म्हणजे धातूकामाच्या खोलीची, मांडणी करायला बसलं की मुख्यतः दोन पंथ भेटतात. पहिला भिंतवाल्यांचा. त्यांच्याकडे प्रत्येक पाना, प्रत्येक हातोडी बोर्डावर टांगलेली असते आणि तिच्यामागे तिच्याच आकाराची रंगवलेली सावली असते. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत फाइव्ह-एस (प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देणारी कारखान्यातली शिस्त) अंगवळणी पडलेली, आता निवृत्त झालेली मंडळी बहुधा या पंथातली. दुसरा पंथ खणवाल्यांचा. त्यांचं सगळं आत, झाकलेलं, आणि बेंच मोकळं. उघड्या रॅकवाल्यांचा तिसरा पंथही आहे, पण तो कोणी निवडत नाही, आपोआप होतो.

तुमची जागा बंगल्यामागची शेड असो, पार्किंगचा कोपरा असो की फ्लॅटची बंद केलेली गॅलरी, एकदा फळ्या ठोकल्या की पाच-दहा वर्षं त्या तशाच राहतात. म्हणून ठोकण्याआधी थोडा विचार केलेला बरा. मुख्य अडचण अशी की यूट्यूबवरच्या मांडणीच्या बहुतेक कल्पना सुतारकामाच्या असतात, त्याही थंड, कोरड्या देशांतल्या गॅरेजमधल्या. लाकडाच्या भुशाने स्क्रू ड्रायव्हरचं काही बिघडत नाही. ग्राइंडरच्या धुळीत मात्र दगडाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, कण असतात. ते लेथच्या (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राच्या) बेडवर किंवा व्हर्नियरच्या (बारीक माप घेणाऱ्या पट्टीच्या) सरकत्या भागात गेले की पॉलिश पेपरचं काम करतात. वर आपला पावसाळा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरतो, आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०च्या वरच असते.

त्यामुळे भिंत चांगली की खण, याचं सरसकट उत्तर नाही. प्रत्येक हत्याराला दोन प्रश्न विचारायचे. कामाच्या दिवशी ते किती वेळा हातात येतं? आणि धुळीने किंवा गंजाने त्याची धार वा माप बिघडतं का? पहिल्याचं उत्तर ‘सारखं’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर भिंत. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्याचं काहीही असो, खण.

भिंत

भिंतीचा खरा फायदा म्हणजे काय जागेवर नाही तेही दिसतं. १७ नंबरचा पाना शेजाऱ्याकडे गेलाय हे रिकाम्या सावलीवरून कळतं. खणात ते कळायला खण उपसावा लागतो. शिवाय स्वस्त. ८ बाय ४ फुटांची १२ मिलिमीटरची एक प्लाय आणली की ३२ चौरस फूट जागा मिळते, एका माणसाच्या हातहत्यारांना ती पुष्कळ झाली.

तयार छिद्रांचा बोर्ड घ्यावा की साधी प्लाय? हार्डबोर्डचा छिद्रांचा बोर्ड दिसायला छान, पण किलोभराची हातोडी काढताना हुकही तिच्यासोबत हातात येतो आणि दोन वर्षांत भोकं मोठी होतात. छिद्रं पाडलेला पत्र्याचा बोर्ड मजबूत असतो, पण हुक त्याच कंपनीचे घ्यावे लागतात. मी साध्या प्लायच्या बाजूने आहे. हवा तिथे स्क्रू पिळा, हवा तसा ६ मिलिमीटरच्या सळईचा हुक वाकवा. घरात व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) असताना हुक विकत आणणं म्हणजे विहीर असून टँकर मागवण्यासारखं. मांडणी बदलली की जुनी भोकं दिसतात, तर दिसू द्यावीत.

प्लाय भिंतीला चिकटवून मात्र ठोकू नका. मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या मारून हवा खेळती ठेवा. नैऋत्येचा पाऊस ज्या बाहेरच्या भिंतीवर आदळतो, ती पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत तर टाळाच. तिथे ओल आतपर्यंत येते आणि टांगलेल्या प्रत्येक पान्याच्या पाठीवर भिंतीच्या बाजूने गंज धरतो. समोरून दिसत नाही, काढल्यावर कळतं.

लेथच्या आणि ग्राइंडरच्या वरची भिंत मोकळी सोडा. तिथे टांगलेली वस्तू घ्यायची म्हणजे फिरत्या चकच्या (लेथवर काम पकडणाऱ्या जबड्याच्या) वरून हात न्यायचा. फोटोत ही जागा फार सोयीची दिसते, मोह आवरा.

भिंतीवर शोभतात त्या हातोड्या, पाने, पकडी, हॅक्सॉ, सी-क्लॅम्प, पत्रा कापायची कात्री. कानशींवर वाद आहे. खणवाले म्हणतात त्यांना गंज लागतो, म्हणून आत. मी त्या व्हाइसशेजारी, पण ग्राइंडरपासून लांब, एकेक सुट्या टांगतो. कारण कानस खराब होते ती जास्त करून दुसऱ्या कानशीवर घासून. एका खणात दहा कानशी खडखडत असतील तर दर वेळी खण ओढताना दात बोथट होतात. खणातच ठेवायच्या तर लाकडात खाचा पाडून प्रत्येकीला वेगळं घर द्या. कोणत्याही परिस्थितीत तेल लावू नका, तेलाने धातूचा कीस दातांत चिकटून बसतो आणि कानस कामावर घसरते. तेलाऐवजी खडू घासा. कीस कमी अडकतो, ब्रशने झटकला की निघतो.

चुंबकाची पट्टी पाने टांगायला ठीक आहे. ड्रिल बिट, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि मापाची साधनं तिच्यापासून दूर ठेवा. चुंबकत्व आलेल्या टॅपच्या खाचेत कीस अडकून राहतो आणि मग टॅप भोकात तुटतो.

कटिंग आणि ग्राइंडिंगची चाकंही खिळ्याला अडकवलेली दिसतात. हँड ग्राइंडरची चाकं राळेने बांधलेली असतात, ओलाव्याने कमकुवत होतात. मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते, साधारण बनवल्यापासून ३ वर्षांची. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तेव्हा ती तारीख वाचायची सवय लावून घ्या. चाकं कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, आडवी ठेवा.

खण

व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, गुण्या, टॅप-डाय, रीमर, ड्रिल बिट, लेथची टूल्स. ही सगळी झाकूनच हवीत. किमतीने पाहिलं तर शॉपमधला अर्धा पैसा या छोट्या वस्तूंत असतो, म्हणून पैसे घालायचे तर आधी खणांत घाला, भिंत नंतर सजवता येते.

खण उथळ हवा, दोन ते तीन इंचांचा. खोल खणात वस्तूंचे थर लागतात, आणि दुसऱ्या थरातली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू. इथेच जुन्या ऑफिसचं फायलींचं पोलादी कपाट फसवतं. लिलावात किंवा जुन्या फर्निचरच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं, पत्रा जाड असतो, पण खण फूटभर खोल. ते घ्यायचं असेल तर ड्रिल मशीन, ग्राइंडर, वेल्डिंगचा मुखवटा, चकचे जबडे अशा मोठ्या वस्तूंसाठी घ्या. नकाशे किंवा ड्रॉइंग ठेवायचं रुंद, उथळ खणांचं कपाट कुठे भंगारात दिसलं तर मात्र भाव न करता उचला.

स्वतः बनवायचं ठरवलं तर बेंचखालीच बनवा. १८ मिलिमीटरच्या प्लायचा सांगाडा आणि टेलिस्कोपिक चॅनल. ४५ मिलिमीटर रुंदीचा नेहमीचा चॅनल जोडीला ३५ ते ४५ किलो पेलतो. लोखंड भरलेला खण तेवढा सहज होतो, म्हणून जड खण खाली. कपाट सुटं उभं असेल तर भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बांधा. भरलेले दोन खण एकदम ओढले की ते पुढे येतं.

टॅपचा खण लावायची एक पद्धत सांगतो, कारण तिने रोजचा वेळ वाचतो. सगळे टॅप एकीकडे आणि सगळे ड्रिल दुसरीकडे ठेवू नका. लाकडाच्या एका ठोकळ्यात एम-६चा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांचा, टॅप, त्याच्याशेजारी आटे पाडण्याआधीच्या भोकाचं ५.० मिलिमीटरचं ड्रिल, पलीकडे बोल्ट आरपार जायला ६.६चं ड्रिल. एम-८ला ६.८ आणि ९, एम-१०ला ८.५ आणि ११. ठोकळ्यावर आकडे पंचाने ठोकून ठेवा. मग तक्ता शोधायला नको आणि ‘जवळपासचं’ ड्रिल घालून टॅप मोडायलाही नको.

पावसाळ्याचं काय? खणाने धूळ थांबते, दमट हवा पूर्ण थांबत नाही. मापाच्या साधनांच्या खणात गंजरोधक व्हीसीआय कागद अंथरा आणि सिलिका जेलची पुडी टाका. दाण्यांचा रंग पालटला की ते १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात, फक्त स्वयंपाकघरातलं भांडं किंवा ओव्हन त्यासाठी घेऊ नका, निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो. खणात साधा स्पंज घालू नका, तो पाणी धरून ठेवतो. रबर मॅट किंवा बंद छिद्रांचा ईव्हीए फोम चालेल.

रॅक आणि ट्रॉली

स्लॉटेड अँगलचा उघडा रॅक रंग, तेलाचे डबे, कूलंट, अर्धवट कामं यांना चांगला. हत्यारांना नाही. चाकांची ट्रॉली मोटर गॅरेजमध्ये कामाची, कारण तिथे हत्यार गाडीकडे न्यावं लागतं. आपल्या खोलीत काम व्हाइसकडे येतं, आणि जमिनीवरचा कीस चाकांत अडकतो तो वेगळाच.

माल उभा की आडवा?

हत्यारांच्या नादात लोक हा प्रश्न विसरतात आणि मग जागा खातो तो मालच. बार, पट्टी, अँगल दुकानात साधारण ६ मीटरच्या लांबीत येतात. दुकानातूनच मीटर-दीड मीटरचे तुकडे करून आणा, कापण्याचे थोडे पैसे गेले तरी चालतील.

वजनाचा हिशेब आधी करा. गोल लोखंडी बारचं दर मीटरचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ने भागायचं. २५ मिलिमीटरचा बार म्हणजे ६२५ भागिले १६२, जवळपास ३.८६ किलो. असे मीटरभराचे दहा बार भिंतीवरच्या ब्रॅकेटवर ठेवले की साडेअडतीस किलो झाले, तेही भिंतीपासून पुढे आलेल्या हातावर. विटांच्या भिंतीत प्लास्टिकचे प्लग त्याला पुरणार नाहीत. आडवा साठा हवा असेल तर अँगलचा जमिनीवर उभा राहणारा स्टँड वेल्ड करा आणि वरून फक्त आधारापुरता भिंतीला बांधा.

लहान जागेत मला उभा साठा जास्त पटतो. ४ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे शेजारीशेजारी बांधून लाकडी पाटावर बसवायचे, एका पाइपात एक जात. खाली पाट हवाच, फरशीच्या ओलाव्याने बारची खालची टोकं खाल्ली जातात. पुढून एक साखळी लावा, घरात लहान मूल असेल तर न विसरता. उभ्याचा तोटा एकच: आखूड तुकडे तळाशी गडप होतात. वीतभराच्या आतले तुकडे वेगळ्या डब्यात टाका आणि तो डबा भरला की भंगारवाल्याला बोलवा, मोह न धरता.

उभा असो वा आडवा, रंगाच्या खुणेशिवाय साठ्याला अर्थ नाही. साधं एमएस (मऊ पोलाद) आणि त्याहून कडक ईएन-८, ईएन-३१ ही पोलादं कापल्यावर सारखेच दिसतात, फरक कळतो तो मशीनवर टूल जळाल्यावर. आणल्या दिवशीच एका टोकाला ऑइल पेंटचा ठिपका द्या आणि कापायचं ते नेहमी दुसऱ्या टोकाने. म्हणजे शेवटच्या तुकड्यावरही खूण शिल्लक राहते. कोणता रंग कशाला ते तुम्ही ठरवा, पण ठरवलेलं स्टँडवरच लिहून ठेवा.

पत्रा उभाच, दोन फळ्यांच्या फटीत. आडव्या ढिगातला हवा तो पत्रा नेहमी तळाशी असतो. वेल्डिंगच्या ६०१३ जातीच्या रॉडसाठी दोन्हीकडे टोपण लावलेला पीव्हीसी पाइप पुरतो. ७०१८ जातीच्या वापरत असाल तर तेवढ्याने भागत नाही, त्या रॉड ओव्हनमध्ये तापवून वापराव्या लागतात.

नट-बोल्टांसाठी खास पेट्यांपेक्षा श्रीखंडाचे पारदर्शक डबे वाईट नाहीत. आधी व्यासाने वेगळे करा, लांबीने नंतर. काचेच्या बरण्या नकोत, एखादी फुटली की काच आणि कीस एकत्र झाडावे लागतात.

मग कोणी काय घ्यावं

बंद गॅलरीत काम करत असाल तर खणांवर भर द्या. बाहेरची भिंत ओली, घरात धूळ नको, आणि संध्याकाळी सगळं बंद करून कपडे वाळत घालायला जागा परत द्यायची असते. तीन फुटांचं बेंच, खाली चार उथळ खण, व्हाइसच्या बाजूला दीड बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा. ग्राइंडिंग तिथे करूच नका, इमारतीच्या गच्चीवर परवानगीने करा.

पार्किंगच्या कोपऱ्यात सगळं कुलपात जायला हवं, म्हणून भिंत बाद. पत्र्याचं दारांचं कपाट घ्या आणि बोर्ड त्याच्या दारांच्या आतल्या बाजूला लावा. दार उघडलं की भिंत, लावलं की खण. दारावर हलकी हत्यारंच ठेवा, नाहीतर बिजागऱ्या लोंबतात.

स्वतःची शेड असेल तर दोन्ही करा, पण क्रम पाळा. आधी ग्राइंडर आणि लेथ यांना दोन टोकांना पाठवा, जमल्यास मध्ये जाड पडदा. मग मापाच्या साधनांचा खण, तोही लेथकडच्या टोकाला. भिंत सर्वांत शेवटी, आणि तीही महिनाभर काम करून झाल्यावर. जे हत्यार रोज बेंचवर पडलेलं सापडतं त्याला पहिला हुक द्या, व्हाइसवर उभं राहून हात सहज पोचेल तिथे.

भाड्याची जागा असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर बेंचच्याच मागच्या पायांना दोन चौकोनी पाइप वेल्ड करून वर काढा आणि प्लाय त्यावर बोल्ट करा. घर बदललं की भिंतही बरोबर येते.