नऊ भागांची मालिका जमवताना: दुकान आणि ऑनलाइन, आठ महिन्यांचा अनुभव

सुटं पुस्तक कुठूनही घेतलं तरी फारसं बिघडत नाही. मालिकेचं तसं नाही, पहिला भाग घरी आणला की पुढच्या सगळ्या भागांशी गाठ पडते. गेल्या आठ महिन्यांत मी नऊ भागांची एक रहस्यमालिका जमवली. सहा भाग दुकानातून आले, तीन ऑनलाइन.

सुरुवात दुकानात झाली. अक्षर किती बारीक आहे, मागच्या पानावरची छपाई पुढे दिसते का, पुस्तक पूर्ण उघडलं तर बांधणी ताणते का, हे पहिले दोन भाग चाळताना दोन मिनिटांत कळलं. तिसरा भाग मात्र नव्हता. पाचवा, सहावा, आठवाही नव्हता. विक्रेत्यांना विचारलं तर म्हणाले, "पहिला भाग सगळेच नेतात. पुढे वाचक गळत जातात, म्हणून मधले भाग आम्ही एखाद-दुसराच मागवतो. हे उरलेत ते आत्ताच घेऊन ठेवा." मी त्यांचं ऐकलं आणि चौथा, सातवा, नववा त्याच दिवशी घेतले. फार बरं झालं, कारण दोन महिन्यांत तीच मालिका नव्या मुखपृष्ठांसह दुकानात आली आणि जुनी छपाई दिसेनाशी झाली.

तिसरा भाग ऑनलाइन मागवला. फोटोतलं मुखपृष्ठ हुबेहूब जुळत होतं, पण हातात आलेली प्रत दोन बोटं उंच निघाली आणि कण्यावरचा भागाचा आकडा वरच्या ऐवजी खाली. एकाच कादंबरीच्या पेपरबॅक आणि पुठ्ठा बांधणीच्या आवृत्तीला वेगवेगळा आयएसबीएन (आवृत्तीची ओळख सांगणारा क्रमांक) असतो, आकार बदलून काढलेल्या नव्या आवृत्तीलाही सहसा वेगळाच मिळतो. मी तो न बघता मागणी नोंदवली होती. आता हव्या त्या भागाच्या हव्या त्या आवृत्तीचा आयएसबीएन आधी लिहून ठेवते आणि शीर्षकाऐवजी त्या १३ आकड्यांनीच शोधते. २००७च्या आधीच्या प्रतींवर १० अंकी क्रमांक सापडतो. त्याला पुढे ९७८ लागतं आणि शेवटचा अंक बहुधा बदलतो, त्यामुळे आकडा वेगळा दिसला म्हणून पुस्तक वेगळं असं समजू नका.

पण तेवढ्यानेही भागत नाही. पुनर्मुद्रणात फक्त मुखपृष्ठ बदललं तर आयएसबीएन तोच राहू शकतो, आणि साइटवर मात्र जुनाच फोटो असतो. म्हणजे आकडा जुळला, फोटो जुळला, तरी घरी येणारी प्रत वेगळी दिसू शकते. दुकानात हा प्रश्नच येत नाही. दोन पुस्तकं शेजारी उभी केली की झालं.

पाचव्या भागाने सर्वात जास्त मनस्ताप दिला. तोही आधी ऑनलाइनच मागवला होता. रात्री वाचत होते, ९६ नंतर थेट ११३वं पान. १६ पानांचा अख्खा फर्मा (एकत्र दुमडून बांधलेला पानांचा गठ्ठा) गायब, आणि त्याच्या जागी ८१ ते ९६ पुन्हा बांधलेली! रहस्यकथेत मधली सोळा पानं नसणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्यालाच कळेल. तक्रार केल्यावर प्रत विनाकटकट बदलून मिळाली, पण नव्या प्रतीतही तोच दोष. शेवटी पैसे परत घेतले आणि दुकानात मागणी नोंदवली. तीन आठवडे लागले, पण विक्रेत्यांनी माझ्यासमोर पानं उलटून दाखवली आणि मगच प्रत हातात दिली.

आणखी एका गोष्टीचा मला अजून राग आहे. सहावा भाग शोधायला गेले तर वर्णनाच्या पहिल्याच ओळीत पाचव्या भागात कोण मरतं ते लिहिलेलं. दुकानात मी मलपृष्ठ न वाचता फक्त कणा बघून पुस्तक उचलते. ऑनलाइन मात्र वर्णन आपणहून डोळ्यांसमोर येतं. मालिका वाचत असाल तर आयएसबीएन टाका, मागणी नोंदवा आणि पान खाली सरकवू नका.

क्रम बघायला मात्र ऑनलाइन याद्या खरंच उपयोगी आहेत. फक्त तो प्रकाशनाचा क्रम आहे की कथेतल्या काळाचा, ते तपासा. नार्निया या इंग्रजी मालिकेचं १९५० साली सर्वात आधी आलेलं पुस्तक आजच्या संचांत दुसऱ्या क्रमांकावर असतं आणि १९५५ सालचं पहिल्या.

आठवा भाग कुठल्याच दुकानात उरला नव्हता. ऑनलाइन जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाला कण्याचा आणि मुद्रणाची माहिती असलेल्या पानाचा फोटो मागितला. त्याने दोन्ही पाठवले, शिवाय पुस्तकाशेजारी पट्टी ठेवून तिसरा. आठवा आला आणि सातव्या-नवव्याच्या मध्ये अगदी बरोबर बसला. तिसऱ्याची जुळणारी प्रत अजून शोधते आहे.